कोंबड्यांचा क्षय

कोंबड्यांचा क्षय हा मुख्यतः वय झालेल्या पक्ष्यांचा रोग आहे. ‘मायकोबॅक्टेरियम एव्हियम’ या जीवाणूची ‘एव्हियम’ ही उपजाती त्याला कारण असते. आजारी कोंबडीच्या विष्ठेतून जंतू मातीत उतरतो, तेथे कित्येक महिने तग धरतो आणि दाणे टिपताना दुसरीच्या पोटात जातो. त्यामुळे गाठी फुप्फुसापेक्षा यकृत, प्लीहा, आतडी आणि हाडांच्या मगजात अधिक सापडतात. कोंबडी खाते, पण वाळत जाते. तुरा फिका पडतो, छातीचे हाड हाताला टोचते.

रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा माणसांचा आणि पक्ष्यांचा क्षय एकच मानला जाई. 1889 मध्ये इटलीतील रिव्होल्टा यांनी आणि पुढे मफुच्ची यांनी पक्ष्यांचा जंतू वेगळा असल्याचे मांडले. त्याच वर्षी पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तिचा रोख कोंबड्यांवर नव्हे, तर गुरांच्या साथींवर होता. 1893 मध्ये ती मुक्तेश्वरला हलली.

भोर तालुक्यातील आंबवड्यासारख्या मावळी गावांत कोंबडीपालन परसातले असते. गावरान कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात, रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडल्या जातात. अंडी घालणारी, खुडूक बसून पिले काढणारी कोंबडी वर्षानुवर्षे राखली जाते. क्षयाला हवे ते सगळे येथे जुळते: जुनी जमीन, जुनी विष्ठा आणि म्हातारा पक्षी. मानमोडीची साथ मात्र काही दिवसांत खुराडे रिकामे करते. तिच्यापुढे सावकाश झिजवणारा हा रोग सहज नजरेआड होतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे कुक्कुटव्यवसायाचे मोठे केंद्र झाले. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती 1982 मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. व्यापारी शेडवर ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत विकला जातो, तर अंड्यांवरची कोंबडी साधारण दीड वर्षाने काढली जाते. क्षय वाढायला लागणारा काळच पक्ष्याला मिळत नाही. लस किंवा औषध नसतानाही शेडवर हा रोग दुर्मीळ झाला, त्याचे मोठे कारण हे आहे.

जंतूंची खरी ओळख पुढे जनुकांतून पटली. 1991 मध्ये ‘आयएस 901’ हा डीएनएचा तुकडा वर्णिला गेला. तो असलेले वाण पक्ष्यांना घातक ठरतात. 1995 मध्ये ‘आयएस 1245’ सापडला. तो या जंतूच्या वाणांच्या दोन गटांत असतो: पक्ष्यांच्या वाणांत त्याच्या प्रती थोड्या, तर डुकरे व माणसांत आढळणाऱ्या वाणांत पुष्कळ असतात. या दुसऱ्या गटात ‘आयएस 901’ नसतो आणि कोंबडीला तो सहसा आजारी पाडत नाही. 2002 मध्ये त्यासाठी ‘होमिनिसुइस’ हे नाव सुचवले गेले. ‘आयएस 901’ ही घातकतेची खूण आहे. घातकता केवळ त्याच्यामुळेच येते असे म्हणता येत नाही.

गावरान अंड्यांना आज चांगला भाव आहे आणि परसातले पालन टिकायलाच हवे. त्यासाठी वय झालेल्या कोंबड्या वेळेवर काढणे, खुराड्यातील जुनी विष्ठा व वरची माती हलवणे, आणि वाळून मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घेणे, एवढे तरी आवश्यक आहे.