फरी, गदका आणि फॉइल

फरीगदका हा तलवारीच्या तालमीतून जन्मलेला खेळ. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली, तलवारीच्या बेताची काठी. फरी म्हणजे चामड्याची छोटी गोल ढाल. पंजाबात या विद्येला गतका म्हणतात. काठीला तिथे सोटी हे नाव आहे, ढाल मात्र फर्रीच. शब्दांचे हे साम्य योगायोगाचे नाही. धारदार पाते हाती देण्याआधी काठीवर हात बसवायचा, ही रीत साऱ्या हिंदुस्थानात होती.

मराठी आणि पंजाबी शस्त्रपरंपरा शेजारी-शेजारी नांदताना पाहायच्या तर नांदेडला. हे शहर गोदाकाठचे. 1708 साली गुरू गोविंदसिंग येथे आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी येथेच देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याची वास्तू उभारली. आतल्या गाभाऱ्यात शस्त्रे जपलेली आहेत: तलवारी, ढाल, धनुष्ये, बाणांचा भाता. संध्याकाळी शस्त्रदर्शन होते. एकेक शस्त्र हाती उचलून ते कोणाचे, हे संगतीला सांगितले जाते. दिवाळीआधीच्या तख्तस्नानात गोदावरीचे पाणी घागरींनी आणून शस्त्रे धुतली जातात. शस्त्र देवघरात आहे, तरी ते पुसलेले, उजळलेले, हाती घेता येईल असे ठेवायचे, ही या परंपरेची खरी ओळख. होळी, दसरा आणि दिवाळीच्या हल्लाबोल मिरवणुकीत ठरल्या जागी पोचताच हजारो लोक उपसलेल्या तलवारी घेऊन एकदम धावत सुटतात, आणि पुढे चालणारे जथे गतक्याचे हात दाखवतात.

मराठ्यांच्या तलवारीतही परदेश मिसळलेला होता. पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली लांब, सरळ युरोपीय पाती दख्खनी कारागिरांनी देशी मुठीत बसवली. तिचे नाव फिरंग. युरोपात अशाच सरळ पात्याने निराळी वाट धरली. तिथे ढाल हळूहळू सुटली, पाते हलके झाले, आणि त्याच पात्याने समोरच्याचा वार अडवून त्याच झपाट्यात टोक खुपसायचे, असे तंत्र बनले. दख्खनेत मात्र कापण्याचा वार आणि डाव्या हातातली ढाल कायम राहिली. दांडपट्ट्यात तर लोखंडी खोबण कोपरापर्यंत हाताला झाकते आणि लांब लवचिक पाते अंगाभोवती फिरत राहते. तिथे मनगट जखडलेले, म्हणून सारे बळ खांद्याचे आणि पायांचे.

आजच्या ऑलिंपिक तलवारबाजीत तीन शस्त्रे आहेत, आणि प्रत्येकाच्या नियमांत त्याचा जुना धंदा दिसतो. फॉइल हे शिकाऊ शस्त्र: फक्त टोकाने आणि फक्त धडावर, कारण जीव घेणारा वार तिथलाच. एपे द्वंद्वाचे वारस. द्वंद्वात पहिले रक्त कुठूनही निघाले तरी चाले, म्हणून इथे डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सारे अंग लक्ष्य. सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचे टोक लागले तर दोघांनाही गुण. सेबर घोडदळाच्या तलवारीतून आले. त्यात टोकाबरोबर धारही चालते आणि लक्ष्य कमरेच्या वरचे. फॉइल व सेबरमध्ये ‘हल्ल्याचा हक्क’ पाळतात: ज्याने आधी हल्ला सुरू केला त्याचा स्पर्श धरला जातो, आणि समोरच्याने तो अडवला की हक्क त्याच्याकडे जातो. आपल्यावर येणारे पाते आधी अडव, मग मार, हाच यामागचा धडा. फरीगदक्यातही फरी उचलल्याशिवाय गदका टाकणारा गडी कच्चाच.

लढतीची पट्टी 14 मीटर लांब. गटातली लढत 5 स्पर्शांची, बाद फेरीतली 15 स्पर्शांची. डोळ्यांनी टिपणे अवघड म्हणून विजेचे यंत्र आले: 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एपेला, 1956 मध्ये फॉइलला. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी व्यायामप्रकार करून दाखवले होते.

भारतीय तलवारबाजी संघटना 1974 ची. तोक्यो ऑलिंपिकमध्ये भवानी देवी ही पहिली भारतीय तलवारबाज उतरली, तेही सेबर घेऊन. 2021 मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत तिने पहिली लढत 15-3 अशी जिंकली. 2024 मध्ये महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्याआधी, 2023 मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गतक्याला जागा मिळाली होती, आणि सोटी-फर्री घेतलेले गडी व मुखवटा चढवलेले तलवारबाज एकाच स्पर्धेत पदकांसाठी खेळले.