अंतिम पैसेवारी : एका जाहीर निष्कर्षावरचे भाष्य

डिसेंबर सरताना वाशिम जिल्ह्यातल्या ७९३ गावांच्या नावापुढे एकेक आकडा लागतो. पूर्ण पीक शंभर पैसे धरले तर गावात किती पैसे पिकले, हे सांगणारी ती पैसेवारी. त्यात जऊळक्याचाही असतो. पाऊस कधी आला, कुठे दडी मारली, शेंगा किती धरल्या, सुडी किती भिजली, हे सगळे त्या एका आकड्यात आले असे मानले जाते. इंग्रजी अहवालांत पाहणीत जे सापडले त्याचे प्रकरण ‘फाइंडिंग्ज’ म्हणून वेगळे असते आणि त्यावरून जे काढले ते ‘कन्क्लुजन’ नंतर येते. आपल्याकडे दोन्हींवर ‘निष्कर्ष’ हाच शिक्का बसतो. पैसेवारीच्या मजकुरात तर तो शब्दही नसतो. निष्कर्ष तेवढा असतो. म्हणून हा मजकूर ओळीओळीने वाचायचा. त्याचा साचा ठरलेला आहे. तो येथे माझ्या शब्दांत, आकड्याची जागा मोकळी ठेवून घेतला आहे.

मौजे जऊळका, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, खरीप हंगाम.

‘मौजे’ हा शब्द ओलांडून पुढे जाऊ नये. निष्कर्ष कोणाविषयी आहे, ते तोच सांगतो. हा आकडा गावाचा आहे. कोणा एका शेतकऱ्याच्या वावराचा नाही आणि तालुक्याचाही नाही. अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे स्थानक असल्यामुळे या गावाला ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात. अशा गावाच्या शिवारात काळी भारी जमीन असते, तशी मुरमाड हलकीही असते. ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस नसला तर हलकी जमीन आधी माना टाकते. सप्टेंबरात पाऊस ठाण मांडून बसला तर भारी जमीन पाणी धरून पीक पिवळे पाडते. एकाच वर्षी दोघांचे नुकसान वेगवेगळ्या कारणांनी होते आणि दोघांनाही एकच आकडा मिळतो. गाव हे एकक धरण्यात चूक नाही, महसुलाची सूट गाववार द्यायची तर आकडाही गाववारच हवा. पण ज्याच्या वावरात काहीच आले नाही त्याला हा आकडा दाखवून ‘तुमचे बरे पिकले’ म्हणता येत नाही.

प्रमुख पिके : सोयाबीन, तूर.

सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरात उरकते. त्याच तासांमधली तूर मात्र डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. एका हंगामाचे हे दोन शेवट. अमरावती व नागपूर विभागांसाठी आणि मराठवाड्यासाठी अंतिम पैसेवारीची तारीख ३१ डिसेंबर आहे. कोकण, नाशिक आणि पुणे विभागांसाठी ती १५ डिसेंबर. तूर-कपाशीचा हंगाम लांबतो हे ध्यानात घेतले की हा फरक समजतो.

नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबर. सुधारित पैसेवारी ३१ ऑक्टोबर.

‘नजरअंदाज’ हा शब्द प्रामाणिक आहे. उभ्या पिकाकडे पाहून बांधलेला अंदाज, एवढाच त्याचा दावा. तीस सप्टेंबरला शेंगा दिसतात, शेंगांतला दाणा किती भरला ते दिसत नाही. २०२३ च्या खरिपात विदर्भात पिवळ्या मोझॅकने सोयाबीन गेले, तेव्हा हिरवे दिसणारे झाड थोड्याच दिवसांत पिवळे पडून वाळले आणि दाणे बारीक राहिले. अशा वर्षी रस्त्यावरून घेतलेला अंदाज आणि मळणीयंत्रातून उतरलेली पोती यांत मोठे अंतर पडते. ते अंतर भरून काढायला ‘सुधारित’ची सोय आहे. नजरअंदाजावर गावाकडून हरकती मागवल्या जातात. साऱ्या प्रक्रियेत शेतकऱ्याला बोलण्याची खरी जागा हीच, आणि ती ऐन सोंगणीच्या दिवसांत येते. मजूर मिळवायचे, ढग पाहायचे, सुडीवर ताडपत्री टाकायची, त्या धावपळीत चावडीवर लावलेला कागद कोण वाचणार? हरकत न आल्याचा अर्थ ‘गावाला मान्य आहे’ असा लावला जातो. हा निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. त्या दिवसांत गाव वावरात असते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पीककापणी प्रयोगांतून आलेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडून.

सगळ्या मजकुरात ही ओळ सर्वांत वजनदार आहे. तिचे दोन भाग सुटे करून वाचावे लागतात.

पहिला भाग पाहणीचा. आखून घेतलेला तुकडा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. काट्यावर जे वजन आले ते आले. ज्याला ‘सापडले’ म्हणावे ते हेच. येथे वाद होऊ शकतो तो तुकडा कुठला निवडला यावर, कापणीच्या वेळी कोण हजर होते यावर. पंचांसमोर कापणी झाली असेल तर वजनावर वाद राहत नाही.

दुसरा भाग तुलनेचा, आणि निष्कर्ष जन्मतो तो येथे. हाती आलेल्या उत्पन्नाला प्रमाण उत्पन्नाने, म्हणजे शंभर पैशांच्या धरलेल्या उत्पन्नाने, भागून शंभराने गुणायचे. समजा, प्रमाण उत्पन्न हेक्टरी साडेबारा क्विंटल धरले आणि कापणीत सहा आले, तर पैसेवारी ४८ पैसे. प्रमाण दहा धरले असते, तर त्याच सहा क्विंटलांचे ६० पैसे झाले असते. वावरात काही बदलले नाही, दाणा तेवढाच. भाजक बदलला आणि गाव पन्नासच्या रेषेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेले. संस्कृतात ‘निष्कर्ष’ आणि ‘कृषी’ एकाच धातूचे, ओढण्याच्या अर्थाचे. बाहेर ओढून काढायचे ते कशातून काढले, हे विचारण्याचा हक्क दोन्ही ठिकाणी आहे. जाहीर पैसेवारीबरोबर प्रमाण उत्पन्नाचा आकडा प्रत्येक पिकासाठी छापला गेला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो. तो नसेल तर वाचणाऱ्याला उत्तर मिळते, गणित मिळत नाही.

आणखी एक गोष्ट या ओळीत बसतच नाही. पैसेवारी वजन पाहते, भाव पाहत नाही. सोंगलेल्या सोयाबीनवर ऑक्टोबरचा पाऊस पडला तर दाणा डागी होतो, काळवंडतो. वजन फारसे घटत नाही, किंमत घटते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. त्या वर्षी केंद्राला ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. खरेदी केंद्रावरून परत आलेले पोते पैसेवारीच्या हिशेबात पूर्ण वजनाचेच असते.

पैसेवारी … पैसे. ५० पैशांपेक्षा कमी / जास्त.

जुनी माणसे अजून ‘आणेवारी’च म्हणतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. १९५७ साली दशमान नाणी आली आणि सोळाचे शंभर झाले. पन्नासच्या खाली गेले की गाव टंचाईसदृश धरले जाते.

जऊळक्याच्या त्याच वावरावर एका हंगामात आणखी दोन निष्कर्ष निघू शकतात. अतिवृष्टी झाली तर पंचनामा होतो. तेथे एकक आहे गट आणि रेषा आहे ३३ टक्के नुकसानीची. २०१५ पर्यंत ती ५० टक्के होती. पीक विम्यात एकक आहे महसूल मंडळ आणि रेषा आहे उंबरठा उत्पादनाची, म्हणजे सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणायचे. तेव्हा एखाद्याच्या गटात ४० टक्के नुकसान झाल्याचे पंचनामा सांगतो, गावाची पैसेवारी ५५ येते आणि मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या वर राहते. तिन्ही कागद खरे असू शकतात. प्रत्येकाला विचारलेला प्रश्न वेगळा आहे: या गटाचे किती गेले, या गावाचे किती आले, या मंडळाची सरासरी किती पडली.

अन्याय होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर लावल्यामुळे. ‘तुमच्या गावाची पैसेवारी पन्नासच्या वर आहे, मग नुकसान कसले?’ हे वाक्य कार्यालयात आणि बातमीत सर्रास ऐकू येते. पैसेवारीने असे काही म्हटलेलेच नसते. पंचावन्न पैसे म्हणजे गावाचे पंचेचाळीस पैसे गेले, हे तोच आकडा सांगतो आहे.

ही पैसेवारी अंतिम.

अंतिम म्हणजे यानंतर तपासणी नाही. उपयोगाच्या दृष्टीने मात्र ती उशिराची आहे. ३१ डिसेंबरला बहुतेकांचे सोयाबीन विकून झालेले असते, उधारी फेडलेली असते, हरभरा गुडघ्याला येत असतो. ही अडचण सरकारनेही ओळखली. केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ साली आली आणि राज्याने २०१७ मध्ये तिला धरून नवे निकष घेतले: पावसाची तूट, खंड, वनस्पती निर्देशांक, जमिनीतला ओलावा. त्यानुसार ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, म्हणजे त्या वर्षीची अंतिम पैसेवारी यायच्या दोन महिने आधी. वेळ वाचला. पण एकक गावावरून तालुक्यावर गेले आणि पाऊस सगळीकडे सारखा न पडलेल्या तालुक्यात नवा प्रश्न उभा राहिला. लवकर आणि दुरून पाहिलेले, किंवा उशिरा आणि जवळून तोललेले, यांतले एक निवडण्यापेक्षा दोन्ही ठेवावीत आणि कोणते कशासाठी ते स्पष्ट लिहावे, असे माझे मत आहे.

माहिती व आवश्यक कार्यवाहीस्तव.

आवश्यक कार्यवाही म्हणजे जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत सैलपणा, लागेल तेथे टँकर, पंपांची वीज न तोडणे. यादी छापील आहे आणि ती टंचाई जाहीर झाली की लागू होते. यांतली परीक्षा शुल्काची माफी शाळा-महाविद्यालयांत अर्ज केल्याशिवाय हाती पडत नाही, म्हणून आकडा पन्नासच्या खाली आला असेल तर ही ओळ घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना वाचून दाखवावी.