माणसं जोडलेली असली की आयुष्य वाढतं का? पोळा, सावड आणि संशोधन काय सांगतं?

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. इथे मराठवाडा संपतो आणि पुढे विदर्भ सुरू होतो. पण सीमेच्या दोन्ही बाजूंना पोळा सारखाच असतो. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळलं जातं. राबणाऱ्याचे आभार मानायचे आणि त्यासाठी सगळ्या गावाने एकत्र यायचं, अशी ही रीत.

या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे माणसांची सोबत आणि कृतज्ञता यांचा आपल्या आरोग्याशी काय संबंध आहे?

सोबतीने आयुष्य वाढतं?

२०१० मध्ये अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यात ३ लाखांहून जास्त लोकांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त दिसली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहापैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो. एकटेपणाशी संबंधित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार इतका आहे.

हे कसं घडतं?

सतत एकटं वाटत राहिलं की शरीर ताणाखाली राहतं. झोप बिघडते, रक्तदाब वाढतो. दुसरं कारण अगदी साधं आहे. जवळ माणूस असेल तर तो गोळ्यांची आठवण करतो, दवाखान्यात घेऊन जातो आणि चेहरा उतरलेला असेल तर विचारतो.

कृतज्ञतेचं काय?

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या ४९,२७५ वयस्कर परिचारिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७९ होतं. ज्यांच्या मनात कृतज्ञता सर्वात जास्त होती, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतला मृत्यूचा धोका सर्वात कमी कृतज्ञ गटापेक्षा ९ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र असे अभ्यास फक्त संबंध दाखवतात. कृतज्ञतेमुळेच आयुष्य वाढलं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तरीही एक गोष्ट कळते. केलेल्याची जाणीव ठेवली की नातं टिकतं. 'सावड' याच जाणिवेवर चालायची. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं आली, तशी ही पद्धत मागे पडत गेली. त्याबरोबर रोज बांधावर होणारी विचारपूसही कमी झाली.

विदर्भातला अनुभव

शेतीच्या संकटात ही विचारपूस किती मोलाची असते, हे अमरावती जिल्ह्यात दिसलं. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने तिथल्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबवला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि प्रशिक्षित समुपदेशकांनी घरोघरी जाऊन लोकांचं म्हणणं ऐकलं. गरज असेल त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

२०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे हा सगळा बदल उपक्रमामुळेच झाला असं म्हणता येत नाही. पण घरापर्यंत कोणी आलं की लोक बोलतात, हे त्यातून दिसलं.

मग करायचं काय?

स्टेटसला 'आभारी आहे' टाकण्याऐवजी ज्याने मदत केली त्याला फोन करा. बरेच दिवस न दिसलेल्या माणसाच्या घरी चक्कर मारा. कोणी गप्प गप्प राहत असेल, तर उपदेश न करता त्याचं ऐकून घ्या.

कृतज्ञता हा नैराश्यावरचा उपचार नाही आणि कर्जावरचा उपाय तर नाहीच. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. सरकारच्या 'टेलि मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं. हा क्रमांक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. तुम्हाला नाही, तरी शेजारच्याला कधीतरी लागू शकतो.