परबाण
त्रिकोणी शिडाची वरची कड ज्याला बांधून शीड डोलकाठीवर चढवितात, ते लांब व तिरके लाकूड. कोकणच्या गलबतांवर ते सर्रास वापरीत. परबाण एकसंध क्वचितच असे. दोन वा अधिक लाकडे एकमेकांवर चढवून दोरांनी आवळीत व टोके निमुळती करीत. त्याचे पुढचे टोक नाळेकडे उतरते, तर मागचे डोलकाठीहून उंच राही. डोलकाठी पुढे झुकती ठेवल्याने ते तीस अडत नसे. वारा बाजूने असताही अशी नौका वेगाने जाई. मात्र दिशा पालटताना परबाण डोलकाठीच्या पलीकडे न्यावे लागे व ते कष्टाचे होई.

मराठी आरमारातील गलबते सामान्यतः ७० टनांहून लहान असत. वारा पडल्यास ४० ते ५० वल्ह्यांनी ती मोठ्या गुराबांना शत्रूच्या पिछाडीस ओढून नेत. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग येथे तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. ज्या चपळतेवर त्याची भिस्त होती, तिचा बंदरात नांगरलेल्या नौकांना उपयोग झाला नाही.