सकाळची पॅसेंजर आणि महाविद्यालयाची वाट

1918 साली इन्फ्लुएंझाची साथ मुंबईहून आगगाडीच्या वाटेनेच देशभर पसरली. मध्यप्रांत व वऱ्हाडात तिने हाहाकार माजविला. तरी गाड्या धावतच होत्या. त्या वेळी नागपूरची हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ लाभले ते 1923 साली. पुढे त्याच आगगाडीने वर्धा, कामठी, तुमसर या गावांतील मुलांना हे विद्यापीठ जवळ आणून दिले.

2020 च्या महामारीत मात्र रूळच मुके झाले. मार्चच्या 22 तारखेला प्रवासी गाड्या थांबविण्यात आल्या. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते महाविद्यालय असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे विनामूल्य देते, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊकही नसेल. पोरीला शहरात पाठवायचे तर खर्च कोण करणार, या घरच्या प्रश्नाला तो कागदाचा तुकडा निरुत्तर करीत असे. जूनपासून काही गाड्या सुरू झाल्या, पण 'विशेष' या नावाने आणि आरक्षण घेऊनच. मासिक पास दीर्घकाळ बंद राहिले. यथावकाश पॅसेंजर परतली, तेव्हा तिचे किमान भाडे 10 रुपयांऐवजी 30 रुपये झाले होते. जुने भाडे यायला 2024 चा फेब्रुवारी उजाडावा लागला. महाविद्यालयांची दारे तर 20 ऑक्टोबर 2021 रोजीच उघडली होती! मधल्या काळात ज्याला परवडले त्याने दुचाकी घेतली, कोणी शहरात खोली केली, कोणी घरीच मोबाईलपुढे बसून पदवी पुरी केली. गर्दीची भीती ओसरली, तरी मोडलेली सवय सहजी जुळत नाही.

शहरातील विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. 2019 च्या मार्चमध्ये सुरू झालेली मेट्रो महामारीत थांबली, पुन्हा धावली, आणि 2022 च्या डिसेंबरात तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. पुढील वर्षी विद्यार्थ्यांना भाड्यात 30 टक्के सवलतही मिळाली. डब्यात सायकल चढवून नेण्याची मुभा आहे, हे आम्हांस विशेष आवडते.

परंतु सीताबर्डीच्या स्थानकात उभे राहून आम्हांला आठवते ती सकाळच्या पॅसेंजरमधली बाके: एकाच पुस्तकावर तिघी वाकलेल्या, डबा उघडलेला, आणि परीक्षेच्या धास्तीतही चाललेले हसणे.