ओंबळेंच्या हातात लाठीच का होती?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे लाठी घेऊन उभे होते. अडवलेल्या गाडीतल्या अजमल कसाबकडे एके-४७ होती. ओंबळेंनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे कसाब जिवंत सापडला. ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ही शौर्याची गोष्ट आहेच. पण त्यांच्या हातात लाठीच का होती, याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं.

१८५७च्या उठावानंतर इंग्रजांना एतद्देशीय माणसाच्या हातातल्या शस्त्राची धास्ती बसली. १८६१मध्ये पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्याचा कायदा वेगळा होता, पण धोरण तेच: पोलिसानं गर्दीवर वचक ठेवायचा, त्यासाठी लाठी पुरे. पुढे पोलिसांसाठी .४१० मस्केट आलं. ही मूळची .३०३ रायफलच, पण नळी रुंद केलेली आणि मॅगझिनची जागा बुजवलेली. म्हणजे एका वेळी एकच गोळी. शिपाई उलटलाच, तर त्याच्या हातात फार काही असू नये, असा हा हिशेब.

इंग्रज गेले, .३०३ राहिली. तिची लढाई १८९५च्या काळातली. प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागे ओढायचा, मग पुढची गोळी. २६/११ला सीएसटीवर अशाच रायफली आणि लाठ्या घेऊन पोलीस एके-४७ला सामोरे गेले. रेल्वे पोलीस निरीक्षक शशांक शिंदे तिथे शहीद झाले. कामा हॉस्पिटलजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले. करकरेंचं बुलेटप्रूफ जॅकेट हॉस्पिटलमधून गायब झालं आणि कविता करकरे माहिती अधिकारात त्याचा हिशेब मागत राहिल्या. पुढे राम प्रधान समितीनं शस्त्रं, दारूगोळा आणि सराव यांतल्या उणिवांवर बोट ठेवलं.

आता हीच वर्दी मिळवायला काय लागतं ते बघा. शिपाई भरतीत मुलांची उंची किमान १६५ सेंटिमीटर हवी. छाती ७९ हवी आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढायला हवी. मग १६०० मीटर धावणं, १०० मीटर, गोळाफेक, आणि त्यानंतर लेखी परीक्षा. २०२४च्या भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. जून २०१४मध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा जीव गेला, तेव्हा कुठे अंतर कमी झालं. तरीही गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे पोरं-पोरी धावतच असतात.

इतकं पारखून घेतलेल्या माणसाला पुढे काय मिळतं? २६/११नंतर ‘फोर्स वन’ उभं राहिलं, नवी शस्त्रं आली, ते गरजेचंच होतं. पण कमांडो बोलावल्यावर येतात. त्याआधी घटनास्थळी पोचतो तो जवळच्या ठाण्यातला हवालदार. त्या रात्री चौपाटीवरही डी. बी. मार्ग ठाण्याचेच पोलीस होते. म्हणून खरेदीची यादी करताना पहिला विचार त्या हवालदाराचा व्हायला हवा: त्याच्याकडचं शस्त्र चालतं का, आणि ते चालवायचा सराव त्याला शेवटचा कधी मिळाला?