१३ या अल्बमची बोनस गाणी

'१३' (उच्चार: थर्टीन) हा ब्लॅक सॅबथ या इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील हेवी मेटल बँडचा एकोणिसावा आणि अखेरचा स्टुडिओ अल्बम होय. तो जून २०१३ मध्ये प्रकाशित झाला. मूळ अल्बममध्ये आठ गाणी आहेत. त्याच सत्रांत ध्वनिमुद्रित झालेली आणखी चार गाणी 'बोनस' म्हणून काही आवृत्त्यांना जोडण्यात आली, तर अन्य चार २०१६ मध्ये स्वतंत्र सीडीवर आली. प्रकाशित झालेल्या सोळा गाण्यांपैकी निम्मी गाणी अशा रीतीने मूळ अल्बमच्या बाहेर राहिली.

पार्श्वभूमी

गायक ऑझी ऑस्बॉर्न यांचा सहभाग असलेला बँडचा यापूर्वीचा स्टुडिओ अल्बम, 'नेव्हर से डाय!', १९७८ मधील होता. २०११ च्या अखेरीस मूळ चौघे पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा झाली. लगेच २०१२ च्या प्रारंभी गिटारवादक टोनी आयोमी यांना लसिका ग्रंथींचा कर्करोग (लिम्फोमा) झाल्याचे निदान झाले. ड्रमवादक बिल वॉर्ड करारावर एकमत न झाल्याने बाहेर पडले व त्यांच्या जागी 'रेज अगेन्स्ट द मशीन' या बँडचे ब्रॅड विल्क यांनी वादन केले. उपचार सुरू असतानाच आयोमी ध्वनिमुद्रणात सहभागी होत राहिले. निर्माते रिक रूबिन यांनी १९७० मधील पहिल्या अल्बमची वादनशैली आदर्श म्हणून बँडपुढे ठेवली होती.

डिलक्स आवृत्ती

डिलक्स आवृत्तीत 'मेथाडेमिक', 'पीस ऑफ माइंड' आणि 'परायाह' ही तीन गाणी आहेत. मूळ अल्बममधील आठपैकी पाच गाणी सात मिनिटांहून मोठी आहेत. ही तिन्ही मिळून जेमतेम पंधरा मिनिटांची. 'मेथाडेमिक' अमली पदार्थांच्या व्यसनाविषयी आहे. 'परायाह' या शीर्षकातील इंग्रजी शब्दाचे मूळ तमिळ आहे. 'परई' नावाचे चर्मवाद्य वाजवणाऱ्या समाजाच्या नावावरून तो युरोपीय भाषांत गेला आणि तेथे त्यास 'बहिष्कृत' असा अर्थ चिकटला.

ही गाणी आठव्या गाण्यामागे न जोडता दुसऱ्या सीडीवर दिली आहेत, हे विशेष. अल्बमचे शेवटचे गाणे 'डिअर फादर' पाऊस, मेघगर्जना आणि घंटानाद यांच्या आवाजात संपते. १९७० च्या पहिल्या अल्बमचा आरंभ याच आवाजांनी झाला होता. त्यांच्यामागे नववे गाणे आले असते तर हा शेवट पुसला गेला असता. सीडीच्या काळात अनेक जुन्या अल्बमांच्या पुनर्मुद्रणांत नेमके असेच घडले आहे. केवळ डिजिटल यादी सलग ऐकणाऱ्यास मात्र दोन सीडींमधला हा खंड जाणवत नाही.

नाइव्हिटे इन ब्लॅक

हे चौथे बोनस गाणे अमेरिकेतील बेस्ट बाय या दुकानसाखळीच्या आवृत्तीपुरते होते. विशिष्ट विक्रेत्याला एखादे गाणे देण्याची ही पद्धत त्या काळी रूढ होती. तिच्यामुळे इतर देशांतील श्रोत्यांना संपूर्ण संच मिळवणे अवघड होई. शीर्षकात बँडच्या 'एन. आय. बी.' या पहिल्या अल्बममधील गाण्याशी केलेला शब्दखेळ आहे. त्या आद्याक्षरांचा 'नेटिव्हिटी इन ब्लॅक' असा विस्तार चाहत्यांत रूढ झाला होता. प्रत्यक्षात बिल वॉर्ड यांची दाढी पेनाच्या निबसारखी दिसे, त्यावरून ते नाव पडले, असे गीतकार व बासवादक गीझर बटलर यांनी सांगितले आहे. वॉर्ड यांच्यावरील थट्टेतून निघालेल्या नावाचा हा उत्तरार्ध त्यांच्याविनाच ध्वनिमुद्रित झाला.

प्रतिसाद

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. 'पॅरानॉइड' (१९७०) नंतर बँडला हे स्थान प्रथमच मिळाले. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे १,५५,००० प्रती विकल्या जाऊन तेथेही तो अग्रस्थानी आला. बँडच्या कारकिर्दीत तेथे असे प्रथमच घडले. मूळ अल्बममधील 'गॉड इज डेड?' या गाण्यास ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

द एंड

उरलेली चार गाणी, 'सीझन ऑफ द डेड', 'क्राय ऑल नाइट', 'टेक मी होम' आणि 'आयसोलेटेड मॅन', २०१६ मध्ये 'द एंड' या सीडीवर चार प्रत्यक्ष मैफिलीतील ध्वनिमुद्रणांसह आली. ही सीडी त्याच नावाच्या निरोपाच्या दौऱ्यात, मैफिलीच्या ठिकाणी विक्रीस ठेवण्यात आली होती. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्ये हा दौरा संपला.